म्हाताऱ्याची साक्ष

आक्का,

तुझा दहावा व्हायच्या आत मी घराचा उंबरा ओलांडला. तुला अग्नी दिला तो मी, सुतक सगळ्यात कडक ते मला, आणि मीच सकाळी उठून गाडी काढली आणि हिडकलच्या धरणावर गेलो. अख्ख्या वडगावात ही बातमी पेपरच्या आधी पोचली. आत्या तर दारात आडवीच उभी राहिलेली. "सुतकात कुनी घर सोडतंय व्हय रं? भनीची राख निवली न्हाय अजून, आन् हा चाललाय धरणावर वारं खायाला!" मी म्हटलं, आत्या, आक्काच्याच कामाला चाललोय. ती म्हणाली, "गेलेल्या मान्साचं कसलं आलंय काम?" एवढी वर्षं बेळगावच्या कोर्टात वकिली करतोय, पण आत्याशी वाद घालत बसलो नाही. चपला हातात घेतल्या आणि तिच्या बाजूनं निसटलो.

तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मला हसायला येत नव्हतं.

काम काय होतं हे तुला सांगायला नको. पण हे लिहिलेलं उद्या आणखी चार माणसं वाचतील आणि त्यांना वाटेल, बहीण गेली आणि वकिलाचं डोकं फिरलं. तेव्हा त्यांच्यासाठी सांगतो. माझं चुकलं तर मनातल्या मनात दुरुस्त कर, तशी तुला सवय होतीच. जे जे म्हणून तापतं ते उष्णता सोडतं. भिंत सोडते, तवा सोडतो, माणूस सोडतो, तशी पृथ्वीपण सोडते. सूर्याकडनं आलेली ऊब ती रात्रंदिवस परत वर पाठवत असते. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही. वर फिरणाऱ्या उपग्रहाला दिसतं, कारण त्याला डोळाच तसला दिलेला असतो. आलं किती आणि परत गेलं किती, ह्या एका प्रश्नावर तू बंगळुरात सगळी नोकरी काढलीस. दोन्ही सारखं असलं तर सगळं सुखात. आलं जास्त आणि गेलं कमी, तर उरलेलं इथंच साठत राहणार, समुद्रात, मातीत, हवेत. तुझा उपग्रह वर्षानुवर्षं सांगत आला की कमी जातंय. फरक बारीक, पण हटत नव्हता, उलट वाढत होता.

त्या उपग्रहाला तू म्हातारा म्हणायचीस. त्याचं खरं नाव मला कधी पाठ झालं नाही. बंगळूरची गाडी लोंढ्याला आली की तुझा फोन यायचा, "लोंढा आलं, चहा टाका." आणि घरात पाऊल टाकलंस की पिशवी खाली ठेवायच्या आत मी विचारायचो, "काय म्हणतोय तुझा म्हातारा?" झालं, तिथनं भांडण सुरू. माझी बायको सुमन म्हणायची, "तुमी दोघं आधी हातपाय धुवा, मग कोर्ट भरवा."

मी म्हणायचो, आक्का, हे उंटावरनं शेळ्या हाकणं झालं. एवढ्या लांबनं बघतोय तो, खरं बोलतोय कशावरनं? मग तू पायावर पाय टाकून सांगायचीस. दर फेरीला म्हातारा आधी रिकाम्या काळ्या अंतराळाकडं बघतो, जिथं उष्णता जवळजवळ काहीच नाही. मग स्वतःच्या पोटातल्या एका गरम पट्टीकडं बघतो, जिचं तापमान आपल्याला ठाऊक असतं. गार कशाला म्हणायचं आणि गरम कशाला, हे असं पक्कं झालं की मग पृथ्वीकडं बघतो. "म्हणजे दर फेरीला शपथ घेतोय की," मी म्हटलं. तुला ते लई आवडलं. नंतर तू ते वर्गात पोरांना सांगितलंस आणि माझं नाव सांगितलं नाहीस, हे मला कळलेलं आहे.

"पण शपथ घेऊन खोटं बोलणारे मी रोज बघतो," मी सोडायचो नाही. "आणि वर तुमी लोक त्याच्या आकड्यांत दुरुस्त्या करता. साक्षीदाराला पढवणं म्हणतात ह्याला."

इथं तुझा पारा चढायचा. "पढवत न्हाय रं गाढवा! चष्म्याचा नंबर वाढला तर चष्मा बदलतोस का न्हाय?"

"माझा मी बदलतो. माझ्या साक्षीदाराचा चष्मा समोरच्या वकिलाला बदलू देत न्हाय."

"समोरचा कोण हाय हितं? पृथ्वी? तिनं तुला वकीलपत्र दिलंय?"

भाकरी गार व्हायची, सुमन ताटावर ताट झाकून ठेवायची आणि आपण दोघं पन्नाशी ओलांडलेली माणसं शाळेतल्या पोरांसारखी एकमेकांवर ओरडायचो. ते दिवस मी कुठनं आणू आता.

जांबोटीच्या प्रकारानंतर तर मला चांगलंच फावलं. एका पक्षकाराची जमीन बघायला तिकडं जायचं होतं. तू सुट्टीला आलेली. निघताना तुला विचारलं, ढगांचा फोटो बघ बाई, पाऊस आहे काय. तू कॉम्प्युटरवर बघितलंस आणि म्हणालीस, "उंच ढग कुठंच न्हाईत. जा बिनधास्त." मी बिनधास्त गेलो. जांबोटीला असा कोसळत होता की गाडी चिखलात रुतली, बस येईना, आणि मी धोतरासारखी पँट वर धरून मैलोन् मैल चालत आलो. घरी आल्यावर तू टॉवेल पुढं केलास आणि शास्त्र सांगायला लागलीस. उंच ढगांची टोकं गार असतात, ती वरनं लगेच ओळखू येतात. जांबोटीचे ढग डोंगराला चिकटून खालीच असतात, त्यांची टोकं उबदार, म्हणून वरच्या डोळ्याला तिथं फारसं काही आहे असं वाटतच नाही, आणि खाली तर धो धो चाललेलं असतं. मी शिंकत शिंकत म्हटलं, "साक्षीदार फुटला!" तू म्हणालीस, "साक्षीदार फुटला न्हाय. त्यानं दिसलं ते सांगितलं. चुकीचा प्रश्न मी विचारला." तुझं असंच होतं. स्वतःची चूक असली की लगेच कबूल करायचीस, म्हाताऱ्यावर मात्र येऊ द्यायची नाहीस.

मी एवढा वाद का घालायचो, हे तू कधी विचारलं नाहीस. सांगायचं राहून गेलं, आता सांगतो. तू म्हणत होतीस ते मला खरं व्हायला नको होतं. कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, तसा मी तो स्वतःला घेत होतो. म्हातारा चुकत असेल, एवढी एक फट उघडी ठेवली की मला बरं वाटायचं. तू म्हणायचीस, अरे, समुद्राचं पाणी तापतंय हे तिसऱ्याच लोकांनी समुद्रात यंत्रं सोडून मोजलंय, ते आणि म्हातारा एकच सांगतायत. मी म्हणायचो, ऐकीव पुरावा चालत नाही. तू कपाळावर हात मारून घ्यायचीस. पण एक आहे, आक्का. तू मला कधी घाबरवलं नाहीस. टीव्हीवाले रोज जग बुडवतात, त्यानं माणूस नुसता बधिर होतो. तू शांतपणे सांगायचीस काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि कशाची खात्री किती. नीट, पुराव्यानिशी काळजी कशी करायची हे तू मला शिकवलंस. ह्याचे आभार मानावेत का तुला चार शिव्या द्याव्यात, हे मला ठरवता येत नाही.

मग तो नवा आला. म्हाताऱ्याचं इंधन संपत आलं होतं, म्हणून त्याच्या जागी नवा उपग्रह वर गेला. तू निवृत्त होऊन वडगावला परत आली होतीस, कॉलेजात शिकवत होतीस, आणि तरी तुझा सगळा जीव त्या दोघांत. आपल्या घरी माग होता म्हणून मला ते चटकन कळलं. जुन्या बीमवरचं, म्हणजे ताण्याच्या रुळावरचं, सूत सगळं संपू द्यायचं नसतं. शेपूट शिल्लक आहे तोवर एकेक धागा नव्या बीमला सांधायचा, म्हणजे कापड तुटत नाही. तू म्हणालीस, अगदी तसंच. म्हातारा जिवंत आहे तोवर दोघांनी एकाच जागेकडं एकाच वेळी बघायचं आणि दोघांचं जुळतंय का ताडून घ्यायचं. जोड लावायच्या आधीच म्हातारा गप झाला, तर त्याची सगळी वर्षं नव्याच्या वर्षांना कधीच जोडता येणार नाहीत.

दोघांनी बघितलं, आणि दोघांचं जुळेना. नवा म्हणाला, परत जाणारी उष्णता म्हातारा सांगतो त्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे इथं साठतंय ते कमी. कानामागून आला आणि तिखट झाला! तुझ्या जुन्या ऑफिसातले लोक कुजबुजायला लागले. म्हातारा थकलाय, त्याच्या पोटातल्या पट्टीचा रंग उडाला असणार, गेली कित्येक वर्षं तो चुकीचंच सांगत असणार. तसं असेल तर तुझं आयुष्यभराचं काम एका रंग उडालेल्या पट्टीवर उभं होतं. दोघांतला खोटा कोण, हे दोघांना विचारून कळणार नव्हतं. तिसरा साक्षीदार पाहिजे होता, जमिनीवरचा. तो साक्षीदार म्हणजे पाणी. मोठं, सपाट, सगळीकडं सारखं पाणी. उपग्रह वरनं जाताना त्याच क्षणी खाली होडीत बसून पाण्याची उष्णता मोजायची, मधल्या हवेतल्या बाष्पाचा विचार करायचा, आणि मग बघायचं वरच्या दोघांपैकी कुणाचं जुळतं. देशात, देशाबाहेर मिळून असं तीन ठिकाणचं पाणी ठरलं होतं. त्यांतलं एक तू हिडकल करून घेतलंस. इरिगेशन ऑफिसात होडीच्या परवानगीचा कन्नडमधला अर्ज मीच केला होता, तुझं आणि माझं नाव घालून. वर्षभर आपण होडीतनं सरावाच्या फेऱ्या मारल्या, आणि मग तू आजारी पडलीस.

दवाखान्यात तुझ्या नाकाला नळी होती. मी शेजारी स्टुलावर. तू हातानं खूण करून मला जवळ बोलावलंस. "बाळ्या, म्हातारा खोटं बोलत असंल काय रं?"

आयुष्यभर तुझ्या विरुद्ध बोललो, पण त्या दिवशी तुझा हात धरला. मग म्हटलं, "काय बोलतीस आक्का! तुझा म्हातारा हाय तो. खराच निघणार. मी लिहून देतो." पहिल्यांदाच तुझ्या बाजूनं उभा राहिलो. तू माझ्याकडं बघितलंस आणि तोंड भिंतीकडं केलंस. मला वाटलं, दमलीस. नर्सला सांगून पंखा कमी करून घेतला.

तू गेल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी रेणुका घरी आली. तुझी विद्यार्थिनी, हुक्केरीकडची पोर, मराठी बोलते ती कन्नडच्या हेलावर. डोळे सुजलेले. ओसरीत बसली, सुमननं दिलेला चहा तसाच ठेवला आणि म्हणाली, "सर, शुक्रवारी दोघंही हिडकलवरनं जातात. थोड्या मिनिटांच्या फरकानं. त्यानंतर म्हाताऱ्याला बंद करायचं म्हणतात. आणि ढग यायला लागले की पाऊसकाळ संपेपर्यंत काही बघायला मिळत नाही." मी म्हटलं, मग जा की बाई. ती म्हणाली, "यंत्र मी बघते सर. पण आभाळ बघायला मॅडम असायच्या. आणि परवानगीत नाव तुमचं." मग थांबली आणि हळूच म्हणाली, "मला भीती वाटते, सर." मला तिच्याहून जास्त वाटत होती, पण मी वकिली आवाजात सांगितलं की घाबरायचं काही कारण नाही.

तर असा मी सुतकात हिडकलला गेलो. रेणुका काचेतनं वर बघत होती, मी पण गाडी चालवता चालवता वरच बघत होतो, एक ट्रकवाला शिव्या देऊन गेला. पांढरा पुंजका दिसला की मी गाडी हळू करायचो. एवढासा ढगाचा तुकडा नेमका त्या मिनिटाला आडवा आला की संपलं.

धरणावर बसप्पा होडी घेऊन उभा होता. त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं माझ्या मागं बघितलं, गाडीत वाकून बघितलं आणि विचारलं, "अक्का बरलिल्ला?" आक्का आल्या नाहीत? मी म्हटलं, "अक्का होदरु." गेल्या. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरला. मग यंत्राची पेटी होडीत चढवायला लागला. मी आठ दिवसांत रडलो नव्हतो, तिथं रडलो. रेणुकानं मला रडू दिलं आणि मग घड्याळ दाखवलं.

मध्यावर गेल्यावर बसप्पानं वल्हं वर घेतलं. तुझे सगळे नियम रेणुकानं पाळले, आक्का. यंत्र होडीच्या बाहेर लांब काढून पाण्यावर रोखलं, होडीच्या सावलीत येणार नाही अशा बाजूला. पाणी बादलीत घेऊन मोजायचं नाही, कारण वरचा पापुद्रा खालच्या पाण्यापेक्षा जरासा गार असतो आणि उपग्रहाला दिसतो तो पापुद्रा. पाणी ढवळायचं नाही. आणि कुणी यंत्रापुढं वाकायचं नाही, कारण माणसाची उष्णतापण त्यात येते. मला तर तिनं पार दुसऱ्या टोकाला बसवलं. थर्मासमधला चहा काढला तेव्हा आम्ही तिघांनीही एकाच वेळी एकमेकांकडं बघितलं. तुला आठवतंय ना? सगळं आयुष्य उष्णता मोजणाऱ्या बाईनं आपला चहाचा पेला नेमका यंत्राच्या तोंडासमोर ठेवला होता, आणि आकडा असा चढला की तू होडीतनं ऑफिसला फोन लावलास. पुढं वर्षभर मी तुला "हिडकल उकळलं काय गं?" म्हणून पिडलं. त्या आठवणीनं रेणुकाला हसू फुटलं आणि लगेच तिचे डोळे भरले. चहा तिनं झाकून पायाखाली ठेवला.

माझं काम आभाळ बघायचं. साध्या ढगाचं काय, तो आंधळ्यालाही दिसतो. तुला भ्यायला लागायचं ते पातळ ढगाला, जो आभाळाच्या रंगातच मिसळतो. तू शिकवलं होतंस तसं तळहातानं सूर्य झाकला आणि त्याच्याभोवतीचं आभाळ बघितलं. निळं असलं तर स्वच्छ. दुधी कडं दिसलं तर वर काहीतरी आहे. निळं होतं. मग बघितलं तर दुधी वाटलं. मग परत निळं. माझे डोळे म्हातारे, त्यात पाणी. "सर, कसं आहे?" रेणुका ओरडली. मला सांगता येईना. तू एका नजरेत सांगितलं असतंस. मी देवाला मानतो का नाही हे तुला माहीत आहे, पण हात सूर्यावर धरून मी म्हटलं, देवा, फक्त एवढं कर. तिचा म्हातारा खरा निघू दे. तिचं नाव राहू दे. माझं काही मागणं नाही दुसरं.

"निळं हाय!" मी ओरडलो. "पक्कं निळं! घे!"

वर काही दिसत नाही, आवाज नाही. एक गेला, थोड्या वेळानं दुसरा गेला. रेणुका आकडे वाचत होती, ओठ हलत होते. बसप्पा वल्हं तसंच वर धरून बसला होता. मग तिनं मान वर केली आणि म्हणाली, "आयतु, सर." झालं. परतताना दक्षिणेकडनं ढगांची रांग वर आलेली दिसली. जरा उशीर झाला असता तर सगळं गेलं होतं.

घरी आल्यावर आत्यानं मला दारातच उभं केलं, डोक्यावर घागर ओतली आणि मगच आत घेतलं. "झालं आक्कीचं काम?" तिनं विचारलं. मी म्हटलं, झालं, पण निकाल लागायचाय. ती म्हणाली, "तुझं बरं हाय बाबा, मेलेल्या मान्साचीपन तारीख पडती." आणि जेवायला वाढलं.

निकालाची वाट बघणं मला नवीन नाही. पण एवढं कुठल्याच केसला झालं नव्हतं. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे गेले, मी कोर्टात जायला लागलो. फोन वाजला की पक्षकाराला अर्ध्यात सोडून बाहेर पळायचो. रेणुका रोज म्हणायची, सर, अजून बाकीच्या पाण्यांचे आकडे यायचेत, बाष्पाचं गणित चाललंय. जेवताना मी सुमनला विचारायचो, म्हातारा खोटा निघाला तर? ती म्हणायची, "मग आक्काला थोडंच कळणार हाय?" मी तिच्यावर खेकसायचो. आक्काला नाही कळणार, मला कळेल ना! तिच्यावर कोण काय बोलेल ते मला ऐकावं लागेल ना!

काल दुपारी बार रूममध्ये फोन आला. "सर, म्हातारा बरोबर." मला आधी कळलंच नाही. "म्हाताऱ्याचं तिन्ही पाण्यांवर जुळलं, सर. चूक नव्याची. त्याच्या पोटातल्या गरम पट्टीचं तापमान सांगणारं यंत्रच थोडं चुकत होतं. आता दुरुस्त करून दोघांचा जोड लावला. मॅडमचं सगळं काम टिकलं." मी टेबलावर मूठ आपटून असा ओरडलो की शेजारचे वकील उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, मोठी केस जिंकली. मी म्हटलं, व्हय, जिंकली. कोट अंगावर तसाच, मिठाईच्या दुकानात गेलो, कुंद्याचा मोठा बॉक्स घेतला आणि थेट कॉलेजात गेलो. वाटेत मोठ्यानं तुझ्याशी बोलत होतो. आक्का, बघितलंस काय, तुझा म्हातारा! सगळ्यांची तोंडं बंद! सिग्नलला स्कूटरवाली एक बाई माझ्याकडं बघायला लागली.

रेणुका तुझ्या खोलीत एकटीच बसली होती, कॉम्प्युटरपुढं. मी बॉक्स उघडून तिच्यापुढं धरला. "घे पोरी. पहिला मान तुझा."

तिनं हात पुढं केला नाही.

"काय झालं? गोड खात न्हाईस?"

"तसं नाही, सर." ती बॉक्सकडं बघत होती, माझ्याकडं नाही. "मॅडम दवाखान्यात जाताना मला सांगून गेल्या होत्या. म्हातारा खोटा निघाला तर माझ्या नावानं सगळ्या कॉलेजला कुंदा वाट, म्हणाल्या. पैसे घरातनं घे, पण सोडू नकोस कुणाला."

"आणि खरा निघाला तर?"

"त्याचं काही सांगितलं नव्हतं, सर."

मी तुझ्या खुर्चीत बसलो. म्हातारा खरा, म्हणजे ऊब इथंच साठत चाललीय हेही खरं. निपाणीला माझ्या लेकीची पोर आता रांगायला लागलीय, तुला तिचा फोटो दाखवला होता, तेव्हा तू तो लई वेळ हातात धरून बसली होतीस. मला वाटलं होतं, आत्याआजीला नातीचं कौतुक. इतकी वर्षं मी समजत होतो की भांडणात तू एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. तुला तुझंच खरं करायचंय, असं तोंडावर म्हणालो होतो तुला, किती वेळा. आणि तू गप राहून पुढचा पुरावा काढायचीस.

आक्का, तू हरायची वाट बघत होतीस, आणि मी देवाकडं मागून तुला जिंकवून आलो.